न जमणारा पाठ

आमच्या शाळेत नव्या मोठ्या बाई आल्या तेव्हा त्यांनी भाषण केलं नाही. संशय यायला मला तेवढं पुरेसं होतं.

त्यांच्या आधीच्या मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी, शाळा म्हणजे एक कुटुंब, हे आम्हाला उभं करून समजावलं होतं. पुढे तसा फ्लेक्सही आला. वर संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे फोटो, मधे ‘आपले कुटुंब’ आणि खाली कोपऱ्यात आम्ही शिक्षक, नावांशिवाय, एका सहलीच्या फोटोतून कापून काढलेले. पावसाळ्यात तो गळक्या स्वयंपाकघरावर अंथरला, तेव्हा खिचडी कोरडी राहिली. कुटुंबाचा तेवढा उपयोग झाला.

नंतर संस्थेने एक प्रेरणा-प्रशिक्षकही आणला. त्याने आम्हाला एकेक फुगा दिला आणि मनातली सगळी नकारात्मकता त्यात फुंकून फुगा फोडायला सांगितला. पहिलीच्या बाईंनी फुगवला, गाठ मारली आणि पिशवीत ठेवला. प्रशिक्षकाने विचारलं, “बाई, फोडत का नाही?” त्या म्हणाल्या, “नातवाला नेते. घरी गेल्यावर त्याचा तो फोडेल.”

तर अशा वातावरणात मोठ्या बाई आल्या. उरणकडच्या आमच्याच संस्थेच्या शाळेतून. नमस्कार केला, हजेरीपटावर सही केली आणि वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसल्या. पहिल्या दिवशी पहिलीत, दुसऱ्या दिवशी दुसरीत. लिहीत काही नव्हत्या. लिहिणाऱ्या माणसाची मला कधी भीती वाटली नाही. तो काय लिहितो ते पुढेमागे कुणाच्या तरी टेबलावर उलटं का होईना वाचता येतं. नुसतं बघणाऱ्या माणसाचं काय करायचं?

शाळा आमची लहान. जुन्या पनवेलच्या बाजारामागे, पहिली ते चौथी, प्रत्येकी एकच तुकडी. गावातल्या बहुतेकांची मुलं इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसमध्ये बसतात. आमच्याकडे येतात ती तळोज्याच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्यांची, सकाळी टेम्पोत उभं राहून उलव्याच्या बांधकामांवर जाणाऱ्यांची आणि डोंगराकडच्या वाडीवरची. वाडीवरची दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात, तोवर वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. शिक्षक चौघे: पहिलीच्या बाई, दुसरीला एक नवी मुलगी, तिसरीचे सर आणि चौथीला मी. चौथीत आलेल्या मुलांना काही येत नसेल तर दोष तिसरीचा. तिसरीचे सर तो दुसरीकडे पाठवत, दुसरीची पहिलीकडे आणि पहिलीच्या बाई अंगणवाडीकडे. अंगणवाडीची ताई आमच्या स्टाफरूममध्ये बसत नसल्यामुळे ही व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चालली होती.

मोठ्या बाई माझ्या वर्गात आल्या त्या दिवशी मी भागाकार घेत होतो. प्रश्न विचारला आणि चाळीसही हात वर गेले. पाहुणे आले की सगळ्यांनी हात वर करायचा, हा आमच्या शाळेचा रिवाज. येतं त्याने उजवा करायचा, येत नाही त्याने डावा, म्हणजे शिक्षकाला कोणाला विचारायचं ते कळतं आणि पाहुण्याला वर्ग हुशार दिसतो. ही पद्धत कोणी आणली ते माहीत नाही. मी रुजू झालो तेव्हा ती होतीच, जशी भिंत होती आणि फळा होता.

मोठ्या बाईंच्या शेजारी बसलेल्या मुलीचाही हात वर होता. त्यांनी तिला हळूच विचारलेलं मला फळ्यापाशी ऐकू आलं.

“तुला येतं?”

“नाही.”

“मग हात वर का केलास?”

“डावा आहे ना, बाई,” ती समजूत घालत म्हणाली.

मोठ्या बाईंनी मान डोलावली. मला त्या दिवशी काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मी हे धमकी म्हणून नोंदवून ठेवलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी आम्हाला बसवून घेतलं. म्हणाल्या, “पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकाने आपला न जमणारा पाठ घ्यायचा. बाकीच्यांनी मागे बसायचं. त्या वेळी त्यांचे वर्ग मी मैदानात सांभाळीन किंवा शिपाईमामा सांभाळतील.”

तिसरीच्या सरांनी घसा साफ केला. “न जमणारा म्हणजे?”

“म्हणजे जो दर वर्षी घेता आणि दर वर्षी फसतो. जमणारे पाठ नकोत. ते मी पाहिले.”

बाहेर पडल्यावर सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “कळलं का? स्वतःच्या तोंडाने कबुली घ्यायची, तीही साक्षीदारांसमोर. पट कमी झालाय. कोणीतरी अतिरिक्त ठरणार.”

मला ते तंतोतंत पटलं. मला स्वतःला सुचलं नाही याचं थोडं वाईटही वाटलं.

यात खरं धोक्यात कोण, ते उघड होतं. आम्ही तिघे कायम. दुसरीची नवी बाई शिक्षण सेवक म्हणून लागलेली, आणि तिची तीन वर्षं याच वर्षी भरत होती. मोठ्या बाईंनी काम समाधानकारक आहे म्हणायचं, संस्थेच्या सेक्रेटरींनी हो म्हणायचं, की ती कायम. नाहीतर घरी. घर म्हणजे कामोठ्यातली भाड्याची जागा आणि आई. या नोकरीआधी ती तिथल्याच एका क्लासमध्ये तासावर शिकवायची. एकदा डबा खाताना म्हणाली होती, “सर, मला काही मोठं व्हायचं नाही. फक्त त्या क्लासमध्ये परत जायचं नाही.”

मग आमचे न जमणारे पाठ सुरू झाले. तिसरीच्या सरांची अडचण अशी होती, की मुलं फार प्रश्न विचारतात म्हणून धडा पुरा होत नाही. त्यासाठी त्यांनी तीन मुलांकडून प्रश्न पाठ करून घेतले होते. एकाने आपला प्रश्न विसरून दुसऱ्याचाच विचारला, तर सरांनी त्याला, “नाही, तुझा तो नाही,” असं सांगितलं. पहिलीच्या बाईंची अडचण, मुलं गाणं म्हणताना भारी रंगून जातात. मी परिसर अभ्यासातला नकाशा निवडला. आमचा नकाशा फाटका आहे, आणि जिल्ह्याचा दक्षिण भाग मुळीच उरलेला नाही. माझं अपयश हे असं पूर्णपणे संस्थेच्या खर्चाने होतं.

मोठ्या बाईंनी तिन्ही पाठ शेवटपर्यंत पाहिले. प्रत्येकाला एकच विचारलं, “छान. आणि न जमणारा?”

राहिली दुसरीची बाई. आदल्या दिवशी पहिलीच्या बाईंनी तिला डब्यातली सुक्या बोंबलाची चटणी वाढता वाढता समजावलं, “अगं, कविता घे. कवितेत काय चुकायचंय? जरा चाल विसरल्यासारखं कर.”

ती हसली. तिने कविता घेतली नाही.

तिने फळ्यावर बावन्न लिहिले, खाली सत्तावीस आणि वजाबाकीची खूण. “करा,” म्हणाली. मुलांनी पाट्या वर केल्या. मागच्या बाकावरून आम्हाला दिसत होतं: पस्तीस, पस्तीस, पस्तीस. एखादा पंचवीस होता, तो शेजारच्याची पाटी पाहून पुसला जात होता.

तिने दोन वेण्या घातलेल्या एका मुलीला उभं केलं. “पस्तीस कसे आले?”

“सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.”

“पण सात खाली आहेत ना? वर तर दोन आहेत.”

“दोनातून सात जात नाहीत, बाई. मोठ्यातून लहान जातं.”

“हे कोणी सांगितलं?”

“पहिलीच्या बाईंनी,” मुलगी म्हणाली. मग तिला वाटलं, आम्हाला नीट कळलं नसावं, म्हणून तिने गाऊन दाखवलं, “मोठ्यातून लहान, ठेवा हे भान!” सगळा वर्ग लगेच टाळ्या वाजवत तिच्या सुरात मिसळला. गाणं पहिलीच्या बाईंचंच होतं. व्हरांड्यातून जाताना ते कानावर पडलं नाही असा शाळेत कोणी नव्हता. पोरं अजूनही त्यात भारी रंगून जात होती.

छपरावरून विमान गेलं. हल्ली जातात. मुलं खिडकीकडे पाहायला लागली, आम्हीही पाहायला लागलो. तिकडे पाहायला मिळालं म्हणून बरं वाटलं.

विमान गेल्यावर नवी बाई आम्हाला म्हणाली, “मी काड्यांचे गठ्ठे करून पाहिले. दशक सोडून दाखवला. त्या दिवशी येतं, दुसऱ्या दिवशी परत पस्तीस. मला हे जमत नाहीये. काय करू?”

आमच्या शाळेत हे वाक्य मोठ्याने कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही एक तर वेडी आहे, नाहीतर फार पोचलेली आहे.

स्टाफरूममध्ये पहिलीच्या बाई पेटल्या. शाळेत त्या शुद्ध बोलत. चिडल्या की त्यांचं गाव बोलायला लागे.

“पढवलंस तू पोरांना!”

“नाही हो, बाई.”

“नाय कसं? तिच्या तोंडात माझं नाव कोनी घातलं मग? तीन वर्सं माझ्या डब्यात जेवलीस गो, आन आज मला पोरांसमोर चोर केलंस?”

“बाई, मला माहीत नव्हतं ती तुमचं नाव घेईल. मी खरंच विचारत होते.”

“खरंच इचारत होती म्हने!”

दुसऱ्या दिवसापासून पहिलीच्या बाई आपल्या वर्गातच डबा खायला लागल्या. तिसरीचे सर मला म्हणाले, “बघा. फोडा आणि झोडा. मोठ्या बाईंना हेच हवं होतं.” मोठ्या बाई आपल्या खोलीत शांतपणे चहा पीत होत्या. भांडण मिटवायला त्या आल्या नाहीत. कोणाची समजूत काढली नाही. मला सरांचं म्हणणं आणखी पटलं.

त्यातच कळलं, की दिवाळीआधी सेक्रेटरी स्वतः येणार आहेत, मुख्यतः दुसरीच्या बाईंसाठी. सेक्रेटरी म्हणजे पूर्वीचे मिठागर आणि भातशेतीवाले, आता इमारती बांधणारे. पहिलीच्या बाई त्यांच्याच गावच्या, आणि त्यांची दोन्ही मुलं बाईंच्या हाताखालून गेलेली. बाईंचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. म्हणजे नव्या बाईची नोकरी आता तिच्याशी न बोलणाऱ्या माणसाच्या जिभेवर होती. ती वर्गात काड्या मोजत राही. डबा एकटी खाई.

एका दुपारी मी खडू आणायला निघालो होतो. पहिलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून बाईंचा आवाज आला, “माझ्याकडं दोन बोरं आहेत. हिला सात द्यायचीत. देता येतील?”

“मोठ्यातून लहान!” वर्ग ओरडला.

“गाणं नको. बोरं किती आहेत माझ्याकडं?”

“दोन!”

“मग सात कशी देऊ?”

“सातातून दोन, पाच!”

बाईंनी तेच चिंचोक्यांवर विचारलं, मग पेन्सिलींवर. उत्तर पाच. वर्गाला काही शंकाच नव्हती. मी फटीतून पाहिलं. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, आणि पोरं पुढचा प्रश्न येईल म्हणून टाळीसाठी हात तयार ठेवून होती.

त्यानंतर पहिलीच्या बाई आपली पोरं मामांकडे सोपवून मधल्या सुट्टीच्या आधीचा तास रोज दुसरीच्या मागच्या बाकावर दिसू लागल्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. “पुरावा गोळा करतायत,” तिसरीचे सर म्हणाले. नवी बाईही तसंच समजत असावी, कारण त्या आत आल्या की तिचं फळ्यावरचं अक्षर लहान व्हायचं. एकदा मी दारावरून जात होतो आणि ती काड्यांचा गठ्ठा सोडत होती, तेव्हा मागून बाई जोरात म्हणाल्या, “थांब!”

ती थांबली.

“लगेच काय सोडतेस? आधी विचार त्यांना, पुरतंय का. दोन आहेत, सात द्यायचेत, पुरतंय का? ते नाही म्हणू देत. मग सोड.”

एवढं बोलून त्या खाली बसल्या. ही मदत होती की अपमान, हे दारातून कळायला मार्ग नव्हता. नव्या बाईलाही कळलं नसावं. पण तिने वर्गाला विचारलं, “पुरतंय का?”

सेक्रेटरी आले ते सकाळीच. पांढरा शर्ट, पांढरी गाडी. मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत चहाला न नेता सरळ दुसरीत नेलं, आणि आम्हा तिघांनाही बोलावलं. मागच्या बाकांवर आम्ही दाटीने बसलो. सेक्रेटरींनी स्वतः खडू घेतला. त्रेपन्नातून अठ्ठावीस.

“कोनाला येतं?”

पाच-सहा हात वर झाले. बाकीचे खालीच होते. तिसरीच्या सरांनी डोळे मिटले. नव्या बाईने मुलांना आमचा रिवाज शिकवलाच नव्हता, किंवा विसरायला लावला होता.

सेक्रेटरी वर्गभर पाहत राहिले. “डावे हात कुटं गेले?”

मुलं आपापल्या हातांकडे पाहू लागली.

“मी याच शाळंत होतो,” ते म्हणाले. “चौथीपर्यंत डावाच वर केला. कोनी एकदा पन इचारलं नाय मला.” मुलं हसली. ते हसले नाहीत. त्यांनी हात खाली ठेवलेल्या एका मुलाला पुढे बोलावलं.

त्याने पाच लिहिले, मग डावीकडे तीन. खडू ठेवणार तेवढ्यात थांबला आणि पुटपुटला, “पुरत नाही.” तळव्याने पाच पुसले, तीनही पुसले. मग रिकाम्या जागेकडे पाहत उभा राहिला. पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. नवी बाई भिंतीला टेकून उभी होती. तिने त्याला खूण केली नाही.

“म्हंजे येत नाय,” सेक्रेटरी म्हणाले.

“अजून नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मघाशी जे लिहिलं ते चूक आहे, हे येतं.”

मुलांना मैदानात सोडलं. नवी बाई त्यांच्याबरोबर जायला निघाली, तर सेक्रेटरी म्हणाले, “तू थांब.” मग मोठ्या बाईंकडे वळले. “हिला कायम करायचं म्हनता, आन पोरांना साधी वजाबाकी येत नाय?”

“मी सांगितलं तर ते माझं एकटीचं मत होईल,” मोठ्या बाई म्हणाल्या. “हे तिघे तिच्या वर्गात बसलेत. त्यांना विचारा.”

त्या क्षणी मला आमच्या संशयाचं समाधान वाटलं. साक्षीदारच करायचं होतं तर आम्हाला. फक्त ही साक्ष अशी उघड, त्या मुलीच्या तोंडावर द्यावी लागेल, हे आम्ही धरलं नव्हतं.

सेक्रेटरी पहिलीच्या बाईंना म्हणाले, “बाई, तुमी सांगा. तुमी म्हनाल ते.”

बाईंनी पदर नीट केला. नव्या बाईकडे पाहिलं नाही.

“हिची पोरं चुकतात,” त्या म्हणाल्या. “पन चूक हिची नाय. मी शिकवलेली हाय. गाणं करून शिकवलेली, म्हणून निघत नाय. तुमच्या दोन्ही पोरांनी तेच गाणं म्हटलंय.”

सेक्रेटरींनी फळ्यावरच्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं.

“ती चूक काढायला हिला वेळ लागेल,” बाई पुढे म्हणाल्या. “हिला घालवलीत तर मला काढायला लागेल. मला आता नातू सांभाळायचाय. आन मी गाणं बंद केलंय, पन बंद केल्यावर काय म्हणायचं ते मला सुचत नाय. ते हिलाच इचारते रोज.”

हे शेवटचं आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. “सर?”

“बाई म्हणतात ते बरोबर आहे,” मी म्हणालो. हे वाक्य मी नोकरीभर अनेक बाजूंनी वापरलं आहे. त्या दिवशी ते खरंही होतं.

सेक्रेटरींनी हातावरचा खडू झटकला. “ठीक. ऱ्हाऊ दे हिला. पन पुढल्या वर्सी मी येनार. हीच पोरं, तिसरीत.”

तिसरीच्या सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दोन दिवसांनी तेही दुसरीच्या मागच्या बाकावर, पहिलीच्या बाईंच्या शेजारी, गुडघे वर घेऊन बसले होते.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो होतो. एक शंका राहिली होती, आणि शंका राहू देण्याचा माझा स्वभाव नाही.

“पहिलीच्या बाई काय बोलतील, हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“त्या चिडलेल्या होत्या. काढून टाका म्हणाल्या असत्या तर?”

मोठ्या बाई चष्मा पुसत होत्या. “तर तिला जावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या. “मग मी एकटीने हो म्हणून काही फायदा नव्हता. बाकी सगळ्यांचं नाही असताना तिने इथे आणखी किती वर्षं काढली असती?”

त्यांचं म्हणणं बरोबर असेल. पण आपल्या नाही, दुसऱ्याच्या नोकरीवर त्यांनी हा डाव खेळला होता, तोही आवाज न चढवता, आणि चहाचा कप अजून टेबलावरच होता. भाषण न करणाऱ्या माणसाबद्दल माझं मत त्या दिवशी अर्धंच बदललं.

बाहेर नळापाशी नवी बाई बाटली भरत होती. पेढे आणायला तिने मामांना बाजारात पाठवलं होतं, आणि आईला फोन करून रडून झालं होतं. ते तिच्या नाकावरून दिसत होतं.

“सर, मोठ्या बाई माझ्याबद्दल काही बोलत होत्या?” तिने विचारलं. “आधीपासूनच त्यांचं हो होतं ना?”

“हो,” मी म्हणालो. “आधीपासूनच.”

तिने बाटलीचं झाकण लावलं आणि पहिलीच्या वर्गाकडे गेली. तिथे बाई डबा उघडून बसल्या होत्या.